दुपारी दार वाजवू नये

कोसिमिनाकडे पाहुणे येतात ते शुक्रवारी संध्याकाळी, चाकांच्या बॅगा आमच्या अंगणाच्या फरशीवरून खडखडवत. हातात यादी असते. हे चर्च, ते चर्च, रोमनांचं जुनं प्रेक्षागार, किल्ला आणि जमलं तर रविवारी समुद्र. परत जातात तेव्हा यादीतल्या दोनच गोष्टी बघून झालेल्या असतात, पण चेहरे सैलावलेले असतात आणि एका गालावर उशीच्या लेसची नक्षी उमटलेली असते. वरच्या दोन खोल्यांतल्या उशांची लेस वेगवेगळी आहे. नुसता गाल बघून पाहुणा कुठल्या खोलीतला ते मी सांगू शकते.

मी वेनेरांदा. एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ नसतो, म्हणून रांदा. कोसिमिनाचं दार आणि माझं दार समोरासमोर. मध्ये अंगण, झाकून टाकलेली विहीर आणि एक लिंबाचं झाड. त्या झाडाची लिंबं कुणाची यावरून आम्ही पन्नास वर्षं भांडतोय. माझा धंदा कागदाचे संत बनवण्याचा. तारेवर पेंढा बांधून अंग करायचं, त्यावर खळ लावलेल्या कागदाचे थर चढवायचे, वाळले की तापलेल्या लोखंडाने दाबत दाबत वस्त्रांच्या चुण्या काढायच्या. चेहरे माझा नवरा करायचा. तो गेल्यावर मी फक्त हात करते. आशीर्वाद देणारे, जोडलेले, छातीवर ठेवलेले. या कामाचा आवाज होत नाही, म्हणून ते दुपारीही चालतं.

इटलीच्या अगदी दक्षिणेला आमचं लेच्चे, आणि इथे दुपारी आवाज करत नाहीत. दोन ते पाच या वेळेला आम्ही कॉन्त्रोरा म्हणतो. त्या तीन तासांत दुकानं बंद, झडपा ओढलेल्या, गल्लीत चिटपाखरू नाही. दगड मधासारखा पिवळा, ऊनही तसंच पिवळं. घरांच्या पायऱ्या कुठे संपतात आणि ऊन कुठे सुरू होतं ते त्या वेळी नीट कळत नाही. वर पाकोळ्या तेवढ्या ओरडत असतात, आणि त्यांना कोण बोलणार? या वेळात कुणाच्या दाराची बेल वाजवायची नाही, कडी वाजवायची नाही, खालून हाक मारायची नाही. आमच्या आया म्हणायच्या, दुपारी दार वाजवतो तो एक तर डॉक्टर नाही तर पोलीस. त्यासाठी आम्ही सगळ्यांनी लहानपणी मार खाल्लेला आहे. आज मी एकोणसत्तर वर्षांची आहे, पण दुपारी अंगण ओलांडायची वेळ आली की पाय आपोआप चवड्यांवर पडतात.

कोसिमिना माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ठेंगणी, रुंद, केस अजून काळेभोर, आणि ते कशाने काळेभोर राहतात हे विचारायची कुणाची छाती नाही. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तीनशे पोरांना वाढून वाढून तिला माणसाशी बोलायची एकच पद्धत ठाऊक. लग्न केलं नाही. आई गेल्यावर घरात एकटीच राहिली, मग वरच्या दोन खोल्या रंगवल्या, खिडक्यांना नवीन झडपा लावल्या आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायला लागली.

लोक येतात शहर बघायला, आणि कोसिमिना त्यांना झोपवते. याला दुसरा शब्द नाही. शनिवारी दीड वाजता ती वर जाते, झडपा अशा बेताने ओढते की आत उजेडाच्या बारीक पट्ट्या तेवढ्या उरतात, चादर झटकते, पाण्याचा तांब्या ठेवते आणि खाली येऊन अंगणाचं मोठं दार आतून लावून घेते. एकदा एका डॅनिश माणसाने तिला अडवून विचारलं होतं, "बाई, तीन वाजता संग्रहालय उघडं असतं ना?"

"असेल," ती म्हणाली, "पण तुम्ही बंद आहात."

बिचारा हसत हसत वर गेला आणि साडेसहाला उठला. बायकोला म्हणाला, मी लहान असताना शेवटचा असा झोपलो होतो. अकरा चर्च बघायला आला होता, एक बघून गेला, आणि तेव्हापासून दर वर्षी येतो. पाच वाजले की कोसिमिना प्रत्येकाला बर्फावर ओतलेली कॉफी देते, त्यात बदामाचं गोड दूध. पाहुणे अंगणात खुर्च्या टाकून बसतात आणि ग्लासातला बर्फ विरघळेपर्यंत उठत नाहीत. पाहुण्यांनी जाताना लिहायच्या वहीत तिच्या घराबद्दल काय काय लिहिलेलं असतं. इथे मला माझी आई स्वप्नात दिसली, असं तीन वेगवेगळ्या भाषांत लिहिलेलं मी पाहिलंय.

स्वतः मात्र ही बाई दुपारी झोपत नाही. हे फक्त मला माहीत आहे, कारण माझ्या कामाच्या टेबलावरून तिचं दार समोर दिसतं. दाराच्या झडपेमागे, आतल्या अंधारात, ती खुर्ची टाकून बसलेली असते. एकोणीस वर्षं झाली.

एकोणीस वर्षांपूर्वी जुलैमध्ये तिची आई गेली. कोसिमिनाचा एकच भाऊ, दोनातो, तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा. एकोणिसाव्या वर्षी पार उत्तरेला, तोरीनोला कारखान्यात गेला आणि तिकडचाच झाला. आई दोन महिने अंथरुणाला खिळून होती, तेव्हा तो आला नाही. सुट्टी मिळत नाही, पुढच्या आठवड्यात येतो, असं चाललं होतं. ते कोसिमिनाच्या मनात बसलं होतं. आई गेल्याचं कळवल्यावर तो रात्रीच्या गाडीत बसला, पण गाडी वाटेत तीन तास खोळंबली. इकडे पाद्रींनी विचारलं, मुलासाठी अंत्यविधी दुपारनंतर ठेवू या का? कोसिमिना म्हणाली, "गरज नाही." दहा वाजता सगळं उरकलं, बाराला आम्ही स्मशानातून परतलो, दोन वाजता दारं लागली.

संध्याकाळी लोक भेटायला आले तेव्हा तिने सांगितलं, "भाऊ आला नाही." झालं. सगळ्या गल्लीत तेच झालं, आणि तेव्हापासून बहीणभावात ना पत्र ना फोन.

आणि मी गप्प बसले. कारण तो आला होता. अंगणाचं मोठं दार तेव्हा दुपारी उघडंच असायचं. त्याला अडीच वाजता आत शिरताना मी माझ्या टेबलावरून पाहिलं होतं, घामाने भिजलेला शर्ट, हातात छोटी बॅग. तो बहिणीच्या बंद दारासमोर उभा राहिला. मग पायरीवर बसला. दार वाजवलं नाही, कारण आपल्या गावच्या माणसाने ते कसं वाजवावं? मीही हाक मारली नाही, त्याच कारणाने. मला वाटलं, पाचला दार उघडेल, हा आत जाईल, दोघं गळ्यात पडून रडतील, तिथे माझं काय काम? मी एका संताची बोटं जुळवत होते, मान वर केली तेव्हा साडेचार वाजले होते आणि पायरी रिकामी होती. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग आठवडा गेला, मग वर्ष गेलं, आणि जितका उशीर होत गेला तितकं ते तोंडाबाहेर काढणं अवघड होत गेलं. माझी जीभ एरवी कशी चालते ते गल्लीला विचारा, पण या एका गोष्टीपुढे मी भित्री निघाले.

तर यंदा जूनच्या सुरुवातीला कोसिमिना हातात फोन घेऊन माझ्याकडे आली. "चष्मा सापडत नाहीये. वाच," म्हणाली. चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी वाचलं.

'नमस्कार आत्या. मी लुचिला, दोनातोची मुलगी. महिनाअखेरीस बाबा कायमचे माझ्याकडे स्टॉकहोमला येणार आहेत. त्यांचे गुडघे गेलेत, पुन्हा एवढा लांबचा प्रवास त्यांच्याच्याने व्हायचा नाही. त्याआधी दोन दिवस गावाला जाऊन या म्हटलं, तर म्हणतात, बोलावल्याशिवाय बहिणीच्या घरी जाणार नाही. गेलो तर पैसे भरून, पाहुणा म्हणून जाईन. शुक्रवार ते रविवार त्यांना खोली मिळेल का?'

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या टेबलावरच्या कागदी हातांकडे बघत होती.

"लिही, खोली आहे," ती म्हणाली. "नाश्ता धरून."

"एवढंच?"

"दोन टॉवेल मिळतील. तेही लिही."

शुक्रवारी संध्याकाळी तो आला. चाकांची बॅग फरशीवरून खडखडवतच आला, अगदी परक्यासारखा. केस पिकलेले, खांदे आईसारखे पुढे वाकलेले, एक गुडघा दुखरा. कोसिमिना दारात उभी होती, इस्त्री केलेला पांढरा एप्रन घालून. मी दाराआडून कान टवकारले. चोरून ऐकणं वाईट, पण एकोणीस वर्षांनी एकदाच मिळणारं ऐकायचं नाही म्हणजे काय!

"शुभ संध्याकाळ, सिन्योरा," तो म्हणाला. "माझी खोली राखून ठेवलेली आहे."

"शुभ संध्याकाळ. प्रवास कसा झाला?"

"ठीक झाला."

"ओळखपत्र दाखवता?"

त्याने दाखवलं. जिचं बोट धरून तो चालायला शिकला, तिने त्याचं नाव त्या ओळखपत्रावरून वहीत उतरवून घेतलं. जन्मठिकाण, लेच्चे. मग किल्ली दिली. मग, देवाशपथ सांगते, टेबलावरून शहराचा नकाशा उचलून त्याच्या हातात दिला.

"आपण इथे आहोत," तिने बोट ठेवून दाखवलं.

"असं होय," तो म्हणाला. "इथे जवळपास चांगली कॉफी कुठे मिळते?"

"कोपऱ्यावर."

"आभारी आहे."

आणि तो नकाशा घेऊन वर गेला. वरची डाव्या हाताची खोली त्याच्या आईची. कोसिमिनाने त्याला तीच दिली होती. मला तर तिथल्या तिथे दोघांच्या एकेक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली.

शनिवारी सकाळी तिने त्याला अंगणात नाश्ता वाढला. ओव्हनमधून आत्ताच काढलेली, आत पिवळं घट्ट क्रीम भरलेली गोड पेस्ट्री, तिच्या जोडीला कॉफी. इतर पाहुण्यांना ती बेकरीतून आणून देते. त्या दिवशी पहाटे साडेचारला तिच्या स्वयंपाकघरात दिवा होता. दोनातोने एक घास घेतला, थांबला, आणि पुढचा घास घ्यायला त्याला खूप वेळ लागला.

"आवडली?" तिने विचारलं.

"छान आहे. इथली खासियत का?"

"हो. सगळीकडे मिळते."

नकाशा उघडून तो बाहेर पडला. सकाळभर गावात पर्यटकासारखा फिरला. मी भाजी आणायला गेले तेव्हा तो मोठ्या चौकात, खणून काढलेल्या प्रेक्षागाराच्या कठड्याला टेकून खाली बघत होता. लहानपणी याच दगडांवरून उड्या मारताना त्याचा पुढचा दात पडला होता, आणि तो मीच शोधून दिला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"काय सिन्योर, कसं वाटलं आमचं शहर?"

तो हसला. "रांदा, तू म्हातारी झालीस."

"तू काय मोठा नवरामुलगा दिसतोयस. हे काय चाललंय तुमचं? नकाशे काय, आभार काय!"

"ती सुरू करेल तर मी बोलेन."

"आणि तीही हेच म्हणत असेल."

त्याने कठड्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या दिवशी तू खिडकीत होतीस. मी पाहिलं होतं तुला. तू तिला सांगितलंस?"

माझ्या हातातली पिशवी जड झाली. "नाही," मी म्हणाले.

"बरं केलंस."

"बरं कसलं, डोंबल! ती समजते तू आलाच नाहीस."

"समजू दे," तो म्हणाला. "उद्या चार चाळीसची गाडी आहे. सकाळी तोरीनो. महिनाअखेरीला स्टॉकहोम. तिकडे म्हणे उन्हाळ्यात रात्र होतच नाही. मग झोपतात कधी, कोण जाणे."

दुपारी तो वर जाऊन आडवा झाला, पण झोप लागली नसावी. माझ्या टेबलावरून मी झडपांमागे त्याची सावली इकडून तिकडे जाताना पाहिली. खाली दारामागे ती खुर्चीत. वरचा झोपत नव्हता, खालची झोपत नव्हती. अंगणात उन्हाचा एक चौकोन हळूहळू विहिरीवरून सरकत लिंबाच्या बुंध्याशी गेला. दोघांच्या मधे एक जिना होता, बावीस पायऱ्यांचा. त्या दुपारी मी हाताला बोटं चिकटवली ती पाच नाही, सहा. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

संध्याकाळी सगळं गाव फिरायला बाहेर पडतं. धुतलेले शर्ट, अत्तर, आइस्क्रीम, पोरांच्या सायकली. दिवे लागले की दगड आतून उजळल्यासारखा दिसतो, आणि माणसं पोहत असल्यासारखी संथ चालतात, एकाच रस्त्यावरून वर आणि खाली, खाली आणि वर. कोसिमिना माझा हात धरून डाव्या बाजूने चालत होती. दोनातो उजव्या बाजूने येत होता. प्रत्येक फेरीला आमची गाठ पडत होती. पहिल्या फेरीला त्याने टोपी काढली. दुसऱ्या फेरीला तिने मान हलवली. तिसऱ्या फेरीला दोघं एकाच वेळी "शुभ संध्याकाळ" म्हणाले, आणि मग दोघांनाही पुढे काय बोलावं कळेना, म्हणून दोघंही चालायला लागले.

"बारीक झालाय," ती घरी येताना म्हणाली.

"त्याला सांग की मग."

"पाहुण्याला असं बोलू नये."

रविवारी ती पाहुण्यांना जेवण देत नाही, तसा तिचा नियमच आहे. त्या रविवारी तिने कानाच्या पाळीएवढे पास्त्याचे तुकडे अंगठ्याने दाबून एक एक करून केले, टोमॅटोच्या रसात मांस मंद शिजवलं, आणि ताट वर नेऊन त्याच्या दारासमोर ठेवलं. अर्ध्या तासाने तो ताट घेऊन खाली आला. धुतलेलं.

"पाहुणा ताट धुतो का?" ती म्हणाली.

"सवय आहे," तो म्हणाला. मग घड्याळाकडे बघून, "सिन्योरा, मी थोडा पडतो. मला साडेतीनला उठवाल? चार चाळीसची गाडी आहे. चुकवून चालणार नाही."

"उठवते," ती म्हणाली.

दोन वाजले. दारं लागली. मी टेबलाशी बसले, पण त्या दिवशी माझे हात चालेनात. दीड तासात हा माणूस उठेल, बॅग खडखडवत जाईल, आणि मग कधीच येणार नाही. आणि ही त्या खुर्चीत बसून मरेपर्यंत समजत राहील की आईला माती द्यायला भाऊ आला नाही. सांगायचं तर आत्ता. मी चपला काढल्या आणि भर दुपारी अनवाणी अंगण ओलांडलं. फरशीचे चटके बसत होते. दार वाजवलं नाही. झडपेपाशी तोंड नेलं आणि कुजबुजले, "कोसिमिना, उघड."

कडी सरकली. ती तिथेच होती, अर्थात.

आत अंधार आणि गारवा होता. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. तो आला होता. अडीच वाजता आला होता. दोन तास पायरीवर बसला होता. मी पाहिलं होतं आणि मी सांगितलं नाही, आणि एकोणीस वर्षं मला याची लाज वाटत आली आहे, आता मला काय बोलायचं ते बोल.

ती खुर्चीत बसली आणि मला स्टूल पुढे केलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी इथेच होते, रांदा. या झडपेमागे. त्याची पाठ दिसत होती मला. मानेवर घामाचे ओघळ येत होते. बॅग मांडीवर घेऊन बसला होता, शाळेच्या पहिल्या दिवशी बसला होता ना, तसा." तिने एप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हटलं, वाजवू दे. दोन महिने आला नाही, आईच्या मातीला आला नाही, आता निदान दार तरी वाजवू दे. एकदा वाजवलं की उघडते. हात कडीवर होता माझा."

"दोन तास?"

"दोन तास. मग तो उठून गेला. आणि मी लोकांना सांगितलं की आला नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. "पाद्री थांबतो म्हणत होते, मी नको म्हटलं. तो दारात आला, मी उघडलं नाही. तू लाज कसली सांगतेस मला?"

 आम्ही दोघी बसून राहिलो. झडपेच्या पट्ट्या तिच्या गुडघ्यांवर पडल्या होत्या. बाहेर पाकोळ्या. आणि मग मला वरून एक आवाज ऐकू आला, जाड आणि संथ, चढत जायचा आणि एका उसाशात उतरायचा. दोनातो घोरत होता.

"दोन रात्री झोपला नाही," ती हळूच म्हणाली. "फेऱ्या घालत होता. मला खाली ऐकू येत होतं. आज झोपला. आईच्या पलंगावर."

चर्चची साडेतीनची घंटा झाली.

"उठव त्याला," मी म्हणाले.

ती हलली नाही.

"कोसिमिना. गाडी आहे त्याची."

"ऐकतेस ना कसा झोपलाय," ती म्हणाली.

मी काय करायला हवं होतं, मला अजून माहीत नाही. मी बसून राहिले. त्या घरात बसलं की शरीरातली ताकद गोड गोड निघून जाते, हे पाहुणे वहीत लिहितात, मला पहिल्यांदाच कळलं. चार वाजले. वरचं घोरणं आणि भिंतीवरचं घड्याळ एका लयीत चाललं होतं. मला वाटलं, आम्ही तिघं एखाद्या मोठ्या विहिरीच्या तळाशी बसलोय आणि वरून पिवळं पाणी हलतंय. डोळे मिटले की मी बारा वर्षांची होते, शेजारी कोसिमिना, आणि वर तिची आई झोपलेली, म्हणून आम्ही हसू दाबत होतो. डोळे उघडले की समोर ही म्हातारी, ताठ बसलेली, वरच्या आवाजावर कान लावून, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान की बघवत नव्हतं. चार चाळीसला स्टेशनकडून गाडीची शीळ ऐकू आली. तिने मोठा श्वास सोडला.

साडेपाचला जिन्यावर धडधड झाली. दोनातो अनवाणी खाली आला, केस विस्कटलेले, एका हातात बूट, गालावर आईच्या उशीची लेस.

"मला उठवलं का नाहीस?"

"झोपला होतास."

"गाडी गेली माझी! मी साडेतीन सांगितलं होतं! पैसे भरून राहिलोय मी इथे, आणि तू—"

"ओरडू नकोस. उद्या आहे की गाडी. रोज असते."

"हे असलं चालतं का पाहुण्यांशी?"

"पाहुणा गेला खड्ड्यात," कोसिमिना म्हणाली आणि उठून उभी राहिली. तिने दोन्ही मुठींत एप्रन गच्च धरला होता. मी आयुष्यभर हात बघत आलेय, तसे हात मला कधी करता येणार नाहीत. "दोनातो, त्या दिवशी मी आत होते. या दाराच्या मागे. तू बसला होतास तेवढा सगळा वेळ."

त्याने एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे?"

"दाराखाली फट आहे. तुझ्या सपाता दिसत होत्या."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला की ती हसतेय की रडतेय हे मलाही कळेना. "मग वाजवलं का नाहीस, गाढवा? मी हात कडीवर ठेवून उभी होते! एक टिचकी मारली असतीस तरी उघडलं असतं! एक टिचकी! का नाही वाजवलंस?"

सहासष्ट वर्षांचा तो माणूस खाली मान घालून उभा राहिला, हातातल्या बुटांकडे बघत.

"दुपार होती ना," तो म्हणाला. "आई ओरडली असती."

 कोसिमिना पुढे झाली, त्याच्या हातातून बूट काढून घेतले आणि आत नेऊन स्वतःच्या पलंगाखाली ठेवले. मी अंगणात जाऊन पोटभर रडले.